जीआय काढून सीपीव्हीसी घालताना

सांगलीतलं आमचं घर १९८४ सालचं, सासऱ्यांनी बांधलेलं. खाली तीन खोल्या, वर दोन, गच्चीवर टाकी. पाण्याचे पाइप सगळे जीआयचे, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा दिलेले. त्या काळी घरोघरी तेच घालत. तीस-पस्तीस वर्षं त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. मग सकाळची पहिली बादली तांबूस येऊ लागली, वरच्या शॉवरची धार बारीक झाली आणि जिन्याखालच्या भिंतीवर रंगाचे पोपडे सुटले. रंगारी म्हणाला, वॉटरप्रूफिंग करून घ्या. प्लंबरमामा म्हणाले, "वहिनी, भिंतीला कशाला औषध? दुखणं आत हाय."

मामा याच भागातले. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत जीआय घातला तो त्यांच्या वडिलांनी. आता तोच उपटून काढायची कामं मामांकडे येतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. "बापाचं काम चाळीस वर्षं टिकलं, अजून काय पायजे?"

खालच्या न्हाणीघरातला एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, त्यांनी मुद्दाम पाइपाच्या तुकड्यासकट कापून काढला, हॅक्सॉने उभा चिरला आणि माझ्या हातात दिला. अर्ध्या इंची भोकात पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच वाट उरली होती. बाकी सगळा गंज आणि क्षार, थरावर थर. एल्बोपासून वीतभर लांबचा पाइप मात्र आतून बराच धड होता. जीआयला जोड द्यायचा तर टोकाला डाय फिरवून आटे पाडावे लागतात. आटे पाडले की तिथला जस्ताचा थर निघून जातो, लोखंड उघडं पडतं आणि पाइपाची जाडीही नेमकी तिथेच सगळ्यात कमी उरते. आमच्या जिन्याखालची ओल अशाच एका सॉकेटच्या आट्यांतून येत होती.

"पाइप गळत नसतोय. गळतोय तो जोड," मामा म्हणाले.

पुढे काम चालू असताना मी या वाक्याचा पिच्छा सोडला नाही. दुकानात फिटिंग म्हणून जे शेकडो तुकडे मांडलेले असतात ते शेवटी सगळे जोडच. वळवायला एल्बो, फाटा काढायला टी, लांबी वाढवायला कपलर, माप बदलायला रिड्यूसर, तोंड बंद करायला एंड कॅप किंवा डमी. एवढं कोणीही अर्ध्या तासात शिकतं. खरी अक्कल लागते ती एका प्रश्नाला: हा जोड पुन्हा कधी उघडावा लागेल का? लागणार असेल तर तो कुठे ठेवायचा, आणि लागणार नसेल तर तो असा करायचा की पुन्हा त्याचं तोंड बघायला नको.

पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा, घ्यायचा हे लवकर ठरलं. आमच्याकडे गच्चीवर सोलर आहे आणि मे महिन्यात त्याचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. साधा पीव्हीसी साठ अंशांच्या आसपास नरम पडायला लागतो. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतो. त्याच्यासाठी भारतीय मानक आहे आयएस १५७७८, २००७ सालचं, आणि तो आकडा पाइपावर छापलेला असतो. त्याच्या शेजारी एसडीआर ११ किंवा १३.५ असंही छापलेलं असतं. बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी, म्हणजे एसडीआर. आकडा लहान तितका पाइप जाड. एसडीआर ११चा पाइप साध्या हवामानात चौरस सेंटिमीटरला २८ किलो दाब सोसतो. तोच ८२ अंशांच्या पाण्यात ७ किलोवर येतो. दुमजली घराला ७सुद्धा रगड. पण भिंतीत गाडायचा पाइप आहे, म्हणून मामांनी ११च लावून धरला आणि मी हो म्हटलं.

यादी त्यांनी मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिली. प्लंबरची यादी वाचायची म्हणजे आधी त्याचा पाढा यावा लागतो: अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, दोन. "पाऊण टी", "पाऊण बाय अर्धा ब्रास एल्बो", "एक बाय पाऊण रिड्यूसर", "सव्वा युनियन". गावभागातल्या हार्डवेअरच्या दुकानात मी ही यादी घेऊन उभी राहिले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, यात सीपी कुठलं आणि यूपी कुठलं?" म्हणजे सीपीव्हीसी कुठलं आणि थंड पाण्याचं यूपीव्हीसी कुठलं.

हा प्रश्न मोलाचा आहे, कारण अर्धा इंची म्हणून जे मिळतं ते मोजपट्टीवर कुठेच अर्धा इंच भरत नाही. जीआयचा अर्धा इंची पाइप बाहेरून साधारण २१.३ मिमी. थंड पाण्याच्या पांढऱ्या यूपीव्हीसीने हेच माप उचललं. पिवळसर सीपीव्हीसीचं माप आलं तांब्याच्या नळीवरून. त्यामुळे त्याचा अर्धा इंची बाहेरून १५.९ मिमी, पाऊण इंची २२.२ आणि एक इंची २८.६. सीपीव्हीसीचा पाऊण इंची पाइप यूपीव्हीसीच्या अर्ध्या इंची सॉकेटात जाईल-जाईल असं वाटतं आणि जात नाही. घासून बसवणारे महाभाग आहेत. ते जोड पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतात. शेतात घालतात तो पीव्हीसी तिसऱ्याच घराण्यातला, आयएस ४९८५चा, सरळ मिलिमीटरमधला: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३. आमच्याकडे विहिरीवरून उरलेले ३२चे तुकडे पडून होते, ते वापरू का असं दिराने विचारलं होतं. मामांनी नुसती मान हलवली.

या सगळ्या भाऊबंदकीत एकच गोष्ट सगळ्यांना जुळते, ती म्हणजे आटे. अर्ध्या आणि पाऊण इंची नळाला इंचात १४ आटे, एक इंचापासून पुढे ११. आट्याचा कोन ५५ अंश. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारखानदाराने १८४१ मध्ये स्क्रूसाठी हा कोन सुचवला आणि तो आजही आपल्या बाथरूमच्या नळावर आहे. म्हणून जीआय ते सीपीव्हीसी, सीपीव्हीसी ते पितळी नळ, प्लास्टिक ते मीटर, असा जात बदलणारा जोड आला की तिथे आट्यांचं फिटिंग लागतं. एका बाजूला सोल्युशनने चिकटणारं सॉकेट, दुसऱ्या बाजूला आटे. आटे बाहेरून असले तर एमटीए, आतून असले तर एफटीए. दुकानदार "मेल-फिमेल" म्हणतात, बायका समोर असल्या की "बाहेरचा-आतला".

इथे मामांचा एक नियम आहे आणि तो त्यांनी एकदाही मोडला नाही. प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत धातूचा बाहेरचा आटा कधी फिरवायचा नाही. पाइपाचा बाहेरचा आटा टोकाकडे निमुळता असतो. जसजसा आवळत जावा तसतसा तो बाहेरच्या भिंतीला ताणतो. बाहेर पितळ असेल तर ते सोसतं. प्लास्टिक त्या क्षणी काही बोलत नाही, मागाहून चिरतं, आणि तोवर वर टाइल बसलेली असते. म्हणून जिथे नळ येणार तिथे ब्रासचंच फिटिंग, म्हणजे प्लास्टिकच्या आत पितळी आट्यांची बांगडी ओतून बसवलेली. ब्रास एल्बो साध्या एल्बोच्या कितीतरी पट महाग पडतो. बिलाचा मोठा हिस्सा तोच होता. दुकानातल्या मुलाने "प्लास्टिकचाच आटेवाला घ्या, स्वस्तात होईल" असं सुचवून पाहिलं. माझं मत विचाराल तर नळ साधा घ्या, शॉवरची ती ताटाएवढी चाळणी नका घेऊ, पण भिंतीतल्या ब्रास एल्बोवर एक रुपया वाचवू नका. नळ दहा मिनिटांत बदलता येतो.

भिंतीत झिऱ्या, म्हणजे पाइपासाठी खाचा, पाडून झाल्या, राडारोडा निघाला आणि प्रत्यक्ष जोडकामाला सुरुवात झाली. हे काम मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून पाहिलं. मामांचा हाताखालचा पोरगा कटरने पाइप कापायचा. काप काटकोनात हवा, तिरका झाला की सॉकेटच्या बुडाशी पाइप पूर्ण टेकत नाही. मग आतली कूस चाकूने काढायची, बाहेरची कड कानसेने किंचित उतरवायची. कड धारदार राहिली तर पाइप आत जाताना सोल्युशन खरवडून पुढे ढकलतो. मग कोरडंच लावून बघायचं. मला वाटलं होतं की कोरडा पाइप पार बुडापर्यंत गेला तर फिटिंग चांगलं. उलट आहे. सॉकेट आत निमुळतं असतं. कोरडा पाइप एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन अडकला पाहिजे. सहज सरकत आत गेला तर ते फिटिंग परत.

सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते पाइपाचा आणि सॉकेटचा वरचा थर विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होऊन घट्ट होतात. म्हणून पाइपावर भरपूर, सॉकेटात पातळ हात, लगेच आत दाबून पाव फेरा फिरवायचा आणि धरून ठेवायचं. पोरगा घाईत सोडू लागला की मामा ओरडायचे, "धर की! तीस मोज." निमुळत्या सॉकेटातून ओला पाइप हळूच मागे सरकतो, डोळ्याला कळतही नाही. जोडाच्या कडेला सगळीकडून सारखी बारीक वळी उमटली की जोड झाला. ती वळी एका बाजूला तुटलेली दिसली तर तिथे सोल्युशन पोचलेलं नाही. मामा बोट फिरवूनच सांगायचे. डबा उघडा ठेवला की सोल्युशन घट्ट होतं. त्यात थिनर घालून पातळ करायची पद्धत काही ठिकाणी आहे, आमच्याकडे तसा डबा सरळ फेकला गेला.

असा जोड झाला की तो कायमचा. चुकला तर कापून टाकायचा, दोन कपलर आणि मध्ये तुकडा घालायचा. भिंतीत गाडायचे ते सगळे जोड या जातीचे ठेवायचे.

पाइप कुठून कसा न्यायचा यावर मात्र आमची थोडी वादावादी झाली. मला पाइप दाराच्या चौकटीला वळसा घालून, खिडकीखालून नेलेला हवा होता, म्हणजे पुढे कपाट ठोकताना खिळा लागणार नाही. मामांनी एल्बो मोजले. एका काटकोनी एल्बोत पाण्याचा जो जोर जातो तो त्याच व्यासाच्या तीसपट लांबीच्या सरळ पाइपात जातो तितका असतो. पाऊण इंचीत हे अर्ध्या मीटरहून जरा जास्त भरतं. टीच्या बाजूच्या फाट्यातून पाणी वळलं तर त्याच्या दुप्पट. मामांनी हे आकडे सांगितले नाहीत, ते मी नंतर पुस्तकात पाहिले. त्यांनी एवढंच विचारलं की वर शॉवर घ्यायचाय ना? आमची गच्चीवरची टाकी वरच्या शॉवरपेक्षा जेमतेम अडीच मीटर उंच. दहा मीटर उंचीला एक किलो दाब, म्हणजे आम्हाला मिळणार पाव किलो. त्यातलं वळसे घेण्यात किती घालवायचं? शेवटी सरळ गेलो, आणि कपाटाची जागा बदलली. दोन पाइप एकमेकांना छेदतात तिथे चार एल्बो घालून पूल करण्याऐवजी स्टेप-ओव्हर बेंड मिळतो, एकाच तुकड्यात कमान असलेला. तो मागितल्याशिवाय दुकानदार देत नाही.

मापाचं गणितही याच दाबाशी बांधलेलं. टाकीतून सव्वा इंची निघाली, खाली उतरताना एक इंची, न्हाणीघरात पाऊण, आणि नळाच्या तोंडाशी अर्धा. अर्धा इंच फक्त शेवटच्या ब्रास एल्बोत. आधीच अर्ध्यावर आणलं असतं तर खाली कोणी बादली लावली की वरचा शॉवर मेला असता. जीआयच्या काळात आमच्याकडे हेच चालायचं आणि आंघोळीच्या वेळी जिन्यातून आरडाओरडा व्हायचा.

वॉल मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाच्या, जागी मामांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. गरम पाण्याचं तोंड डावीकडे, थंडाचं उजवीकडे, दोन्हींमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत सहा इंच. मिक्सरच्या मागे येणारे वाकडे तुकडे फिरवून थोडा फरक काढता येतो, पण उंचीत फरक राहिला तर मिक्सर जन्मभर तिरका दिसतो. त्यांनी दोन्ही ब्रास एल्बोंत लांब निपल, म्हणजे आटे पाडलेले पाइपाचे तुकडे, घट्ट बसवले, त्यावर लेव्हल ठेवली आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत सिमेंट लावू दिलं नाही. खोलीचाही हिशेब होता. गिलावा, त्यावर टाइल, आणि एल्बोचं तोंड टाइलच्या पृष्ठभागाशी सपाट यायला हवं. आत राहिलं तर एक्स्टेंशन निपल घालावं लागतं, म्हणजे आणखी एक आट्यांचा जोड, टाइलच्या मागे, न दिसणारा. जुन्या न्हाणीघरात प्रत्येक नळामागे असं एकेक एक्स्टेंशन निघालं.

भिंती बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट. सगळ्या तोंडांना डमी लावल्या, लाइन पाण्याने भरली, सर्वांत वरच्या तोंडातून हवा काढली आणि हातपंपाने दाब चढवत दहा किलोपर्यंत नेला. चिकटवलेल्या जोडांना आदल्या दिवसापासून वाळायला वेळ दिला होता. काटा काही वेळ स्थिर होता, मग हळूच नऊच्या खाली सरकला. दिसायला पाणी कुठेच नाही. मामांनी कोरडा टिश्यू पेपर घेतला आणि एकेका जोडावर टेकवत निघाले. स्वयंपाकघरातल्या एका डमीपाशी कागद ओला झाला. काढून पाहिलं तर पोराने टेफ्लॉन टेप उलट्या दिशेने गुंडाळली होती. टेप आवळायच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे आटा फिरेल तशी ती घट्ट बसत जाते. उलटी गुंडाळली की आवळताना सुटून गोळा होते. तो चिकट नसलेला पांढरा पदार्थ, पीटीएफई, १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत चुकून सापडला. त्याआधी आट्यांवर ताग आणि सफेदा लावत. मामांच्या पेटीत अजून तागाची गुंडी आहे आणि जीआयच्या जाड आट्यांना ते आजही तीच वापरतात. डमी पुन्हा बसवली, दाब पुन्हा चढवला, काटा रात्रभर जागचा हलला नाही. मग गवंड्याला बोलावलं.

आता उघडायच्या जोडांचं. भिंतीच्या बाहेर, जिथे हात पोचेल तिथे, मामांनी युनियन टाकले. युनियनचे दोन अर्धे आणि त्यांना आवळणारं एक मोठं नट. पाइप न कापता लाइन तिथून सोडवता येते, एवढंच त्याचं काम. गच्चीवर प्रत्येक बॉल व्हॉल्व्हच्या मागेपुढे, पंपापाशी, सोलरच्या आत-बाहेरच्या तोंडाला, आणि रस्त्याकडून येणाऱ्या लाइनवर मीटरच्या पुढे. युनियन हे लोक पैसे वाचवायला सगळ्यात आधी गाळतात असं मामा म्हणाले. जुन्या लाइनवर टाकीचा व्हॉल्व्ह बिघडला होता तेव्हा युनियन नसल्यामुळे टाकीपासून सगळी लाइन मागे मागे उलगडत जावी लागली होती, ते मला आठवत होतं. त्यामुळे या खर्चावर मी चकार शब्द काढला नाही. भिंतीत मात्र युनियन एकही नाही. उघडता येतो तो जोड कधी ना कधी ढिला होतो, म्हणून तो डोळ्यासमोर हवा.

टाकीला भोक पाडून टँक निपल बसवलं. काळ्या गोल टाकीला सपाट जागा शोधावी लागते, नाहीतर आतबाहेरचे रबरी वॉशर कडेला नीट टेकत नाहीत. घरात जाणारं तोंड तळापासून चार बोटं वर ठेवलं, गाळ खाली राहावा म्हणून, आणि गाळ काढायला तळाशी वेगळं तोंड. पंपाकडून चढणाऱ्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पंप बंद झाला की चढलेलं पाणी उलटं उतरत नाही. त्याच्यावर बाण असतो. बाणाची दिशा न बघता तो लावला की पंप नुसताच घुरघुरतो.

टाकीतून निघालेल्या लाइनवर व्हॉल्व्हच्या पुढे हवेचा एक उभा पाइप टाकीच्या वरच्या काठापेक्षा उंच नेऊन त्याचं तोंड खाली वळवलेलं असतं. शेजारच्या नव्या घरात तो नाही, कारण गच्चीवर तो बरा दिसत नाही. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की लाइनमध्ये हवा अडकते आणि वरच्या नळांना पाणी यायचं नाव घेत नाही. हवेच्या पाइपातून ती निघून जाते. दिसायचं म्हणाल तर गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांच्या जाळीखाली तो झाकला जातो.

गिझरच्या तोंडाला थेट सीपीव्हीसी लावू नये, मध्ये स्टीलची वेणीदार कनेक्शन नळी किंवा धातूचं निपल घालावं. गरम लाइन लांबीलाही वाढते: दहा मीटर सीपीव्हीसी तीस अंशांनी तापला तर जवळजवळ दोन सेंटिमीटर. म्हणून गच्चीवरच्या सरळ धावेत क्लॅम्प आवळून टाकले नाहीत, पाइप सरकेल इतके सैल ठेवले आणि मध्ये एक वळण दिलं.

सांडपाण्याच्या बाजूला सगळे नियम उलटे होतात. तिथे दाब नाही, फक्त उतार. फुटाला पाव इंच. इथे मामा एल्बो मोजत नाहीत, आडव्या लाइनवर काटकोनी एल्बो लावायलाच नकार देतात. ४५ अंशांचे दोन बेंड घालून वळण मोठं करायचं, फाटा सरळ टीने न काढता वायने, म्हणजे इंग्रजी Y सारख्या तिरक्या फाट्याने, काढायचा, म्हणजे येणारं पाणी वाहत्या दिशेनेच मिसळतं. जिथे तुंबायची शक्यता तिथे दारवाला टी किंवा बेंड, चार स्क्रू काढले की आत हात घालता येईल असा. पुन्हा तोच प्रश्न, उघडावा लागेल का. इथे उत्तर बहुतेक वेळा हो. आमचं जुनं बिडाचं काम फोडताना दारं निघाली, पण ती भिंतीच्या बाजूला तोंड करून बसवलेली.

या सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपांना एसडब्ल्यूआर म्हणतात, त्यांचं मानक आयएस १३५९२. त्यात पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या उभ्या लाइनला टाइप ए, संडास-मोरीच्या पाण्याला जाड असा टाइप बी. ७५ मिमी मोरीला, ११० संडासाला. जोड चिकटवायचेही असतात आणि रबरी रिंगचेही. उभ्या लाइनला मामांनी रिंगचे घेतले. पाइपाच्या टोकाला साबणाचं पाणी लावून पूर्ण आत ढकलायचं, पेन्सिलीने खूण करायची आणि मग सेंटिमीटरभर मागे ओढायचं. उन्हात पाइप वाढतो, त्याला तेवढी जागा लागते. ग्रीस किंवा तेल लावलं तर रबर खराब होतं. सॉकेटचं तोंड नेहमी पाणी येतं त्या दिशेला.

न्हाणीघराच्या फरशीत नहाणी ट्रॅप आणि बेसिनखाली बॉटल ट्रॅप, दोघांचं काम एकच: पोटात दोन इंच पाणी धरून गटाराची घाण हवा आणि झुरळं अडवणं. पाहुण्यांच्या न्हाणीघरात महिनोन्महिने पाणी पडत नाही आणि मग तिथे वास येतो, याचं कारण हे पाणी वाळून जातं. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतलं की झालं. त्यासाठी एका दुकानदाराने मला महागडी जाळी दाखवली होती.

शेवटी रस्त्याकडची बाजू. मीटरच्या अलीकडे, म्हणजे महापालिकेच्या नळापासून मीटरपर्यंत, आपण हात लावायचा नाही. ते परवानाधारक प्लंबरचं काम. मीटरच्या पुढे मामांनी जीआयचा एक हातभर तुकडा तसाच ठेवला, त्यावर युनियन, मग जीआयच्या सॉकेटात सीपीव्हीसीचा ब्रास एमटीए, आणि तिथून प्लास्टिक सुरू. अंगणातला बादल्या भरायचा नळही जीआयवरच राहिला. "त्याला म्हशीनं ढुशी दिली तरी वाकणार नाय," मामा म्हणाले. समोरच्यांकडे खरंच म्हैस आहे.

गवंडी यायच्या आधी मी प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवले आहेत: कोपऱ्यापासून किती इंचावर उभा पाइप, फरशीपासून किती उंचीवर आडवा. आरसा ठोकायला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ते दाखवावे लागले. गच्चीवरचा उघडा पाइप उन्हाने ठिसूळ होऊ नये म्हणून पाण्यातला अॅक्रिलिक रंग दिला. तेलाच्या रंगाला मामांनी मनाई केली. जाताना ते गच्चीवरचे सगळे व्हॉल्व्ह एकदा बंद-चालू करून दाखवून गेले. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं आहे, वर्षभर एकाच जागी राहिले तर व्हॉल्व्हचे गोळे आत अडकतात, तेव्हा दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक दांडा फिरवायचा. सोलरचा व्हॉल्व्ह आत्ताच जरा जड फिरतोय. पण त्याच्या दोन्ही बाजूंना युनियन आहेत.